डॉटच्या उजवीकडे

वेबसाइटचा पत्ता आपण डावीकडून वाचतो, संगणक उजवीकडून. ‘एक्झाम्पल डॉट ओआरजी’ टाइप केलं की आधी चौकशी होते ती ‘ओआरजी’ची. त्याचा कारभार कोणाकडे आहे, हे रूट सर्व्हर, म्हणजे अशा शेवटच्या अक्षरांची मूळ यादी ठेवणारा संगणक, सांगतो. ओआरजीचा सर्व्हर पुढे ‘एक्झाम्पल’च्या सर्व्हरकडे पाठवतो आणि तिथे आयपी अॅड्रेस, म्हणजे वेबसाइटच्या संगणकाचा आकड्यांतला पत्ता, मिळतो. म्हणजे शेवटची ती दोन-चार अक्षरं (एक्सटेन्शन) शोभेची नाहीत, सगळा शोध तिथूनच सुरू होतो.

इंटरनेटवरच्या नावांच्या १९८४च्या आराखड्यात कॉम, ओआरजी, एज्यु अशी मोजकीच एक्सटेन्शन होती, शिवाय देशांसाठी दोन अक्षरी कोड. कॉममधली सुटसुटीत नावं संपत आली, तसे लोक देशांच्या कोडकडे वळले. ‘टीव्ही’ तुवालू या चिमुकल्या देशाचा, ‘एआय’ अँग्विला बेटाचा. दिसायला झकास, पण नियम त्या देशाचे. देशच उरला नाही तर? युगोस्लाव्हिया नकाशावरून गेला आणि २०१०मध्ये ‘वाययू’ बंद झालं. वर्षानुवर्षं टिकवायचं नाव असेल, तर मी असा उसना कोड घेणार नाही.

२०१२मध्ये इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने नव्या एक्सटेन्शनसाठी अर्ज मागवले. एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर, तरी १,९३० अर्ज आले! त्यातूनच शॉप, ब्लॉग, अॅप अशी एक्सटेन्शन आली. ती रूटच्या यादीत आहेत, त्यामुळे कॉमइतकीच पक्की चालतात. अडतं ते जुन्या सॉफ्टवेअरपाशी. अशा लांब एक्सटेन्शनचा माझा ईमेल एका ऑनलाइन फॉर्मने ‘चुकीचा’ ठरवला होता. डॉटनंतर फार तर चार अक्षरं, असा नियम कोणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेला असतो आणि तो बदलायचं राहून जातं.

आपल्या लिपीतल्या पत्त्यांचीही हीच रडकथा. डीएनएसच्या, म्हणजे नावावरून आयपी अॅड्रेस शोधणाऱ्या यंत्रणेच्या, व्यवहारात रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच चालतं. म्हणून ‘डॉट भारत’ आतमध्ये ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ होऊन फिरतं. हे रूपांतर नीट न करणाऱ्या प्रोग्रॅमपुढे मराठी पत्ता अडकतो. तो सुधारायला हवा, पत्ता नव्हे.

‘डॉट ईटीएच’ची गोष्ट वेगळी. त्याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून ठेवलेल्या नोंदवहीत असते, रूटच्या यादीत नाही. ते वाचायला ब्राउझरला वेगळी सोय लागते. ती नसेल, तर रूट सर्व्हरचं उत्तर एकच: असं नाव अस्तित्वात नाही.