लॉनमधला लव्हाळा आणि गणपतीच्या दूर्वा

आमच्या सोसायटीचं लॉन हरळीचं आहे. नर्सरीवाले ज्याला सिलेक्शन नंबर वन म्हणतात ती पण हरळीच आणि गणपतीला वाहतो ती दूर्वा पण हरळीच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीत सकाळी सकाळी बिल्डिंगमधल्या आज्या तिथूनच दूर्वा खुडून नेतात, त्यामुळे मीटिंगमध्ये "तणनाशक मारून टाकू" असं निघालं तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटलं. ग्लायफोसेट हे तणनाशक तणाबरोबर हरळीलाही मारतं, शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2015 साली त्याला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलंय. त्यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, मान्य, पण लहान मुलं लोळतात त्या गवतावर मला तो वाद नकोच.

मग करायचं काय? आधी कुठे काय उगवलंय ते बघायचं. पोरं क्रिकेट खेळतात तिथली माती दाबून दाबून दगड झालेली असते, आणि नेमकं तिथेच नाचणीच्या कुळातलं एक चिवट गवत येतं, इल्युसिन इंडिका, ज्याला असली माती चालते पण हरळीला चालत नाही. ते नुसतं उपटून उपयोग नाही, पहारीनं वीत-वीत अंतरावर भोकं पाडून त्यात वाळू आणि गांडूळखत भरा, हरळी जोर धरते आणि त्याला जागाच उरत नाही.

दुसरं म्हणजे लॉन फार बारीक कापू नका. बऱ्याच तणांच्या बारीक बियांना उगवायला उजेड लागतो, आणि गवताच्या पात्यांतून गाळून आलेल्या उजेडात लाल रंग कमी झालेला असतो, त्यावरून बीला कळतं की डोक्यावर आधीच कोणीतरी वाढतंय, आणि ती गप्प पडून राहते. आम्ही दीड इंच ठेवतो आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच कापत नाही.

खरा त्रास लव्हाळ्याचा. दिसतो गवतासारखा पण गवत नाही, देठ बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागतात. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते (हाच तो उटण्यातल्या नागरमोथ्याचा भाऊबंद) आणि टोकाची गाठ बाकीच्यांचे डोळे दाबून ठेवते, म्हणजे वरून ओढून माळ तुटली की मागच्या गाठी जाग्या होऊन एकाचे चार होतात! त्यामुळे पाऊस पडून माती भुसभुशीत झाली की खुरपं खोल घालून गाठीसकट काढायचा, आणि दर पंधरा दिवसांनी परत, कारण पाला वर आला की काही आठवड्यांतच तो नव्या गाठी धरतो. पाणीही रोज नको, ओल सतत राहिली की त्याचं फावतं.

नवीन लॉन लावणार असाल तर एप्रिल-मे सोडू नका. माती खणून गाठी उन्हात वाळू द्या, शेतकरी उन्हाळी नांगरट करतात त्यामागे हेही एक कारण आहे. मग माती भिजवून पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरा, चार-सहा आठवडे. काळं नको. लव्हाळ्याचा कोंब अंधारात टोकदार सुईसारखाच राहतो आणि काळा कागद भोसकून बाहेर येतो, पारदर्शक कागदाखाली मात्र उजेड लागताच त्याची पानं उलगडतात, मग त्याला भोसकता येत नाही आणि तो तिथेच भाजतो. खोलवरच्या सगळ्या गाठी मरत नाहीत, पण खुरप्याला आवरतील इतक्याच उरतात.

मीठ मात्र टाकू नका. समुद्रकाठच्या पास्पॅलम जातीच्या लॉनला खारं पाणी देऊन तण मारता येतं, ती जात खार सोसते. पुण्यात आपण मातीच घालवून बसू. आणि कच्चं शेणखत कधीच नाही, त्यातून गाजरगवतापासून सगळ्यांच्या बिया येतात.

परवा दूर्वा खुडता खुडता एका आजींच्या हातात तीनधारी काडी आली. त्यांनी ती लगेच ओळखली, माझ्याकडून खुरपं मागून घेतलं आणि गाठीसकट काढून माझ्या हातात दिली.