टाके सुकले, तरी परत ऑपरेशन?

टॉप सर्जरी, म्हणजे ट्रान्स पुरुषांची छाती सपाट करायचं ऑपरेशन, होऊन आठ महिने झालेत, टी-शर्ट हवा तसा बसतोय, आणि तरी हात वर केला की काखेखाली, व्रणाच्या अगदी टोकाला, कातडीचा एक छोटासा तिकोनी फुगवटा डोकावतो. सर्जन लोक याला 'डॉग इअर' म्हणतात, म्हणजे कुत्र्याचा कान. नाव ऐकून आधी हसू येतं, पण रोज आरशात तोच दिसायला लागला की ते हसू टिकत नाही. यात दरवेळी सर्जनचा हात चुकलेला असतो असं नाही, हा भूमितीचा मामला आहे. कापडातून लंबगोल तुकडा काढा आणि उरलेल्या दोन कडा जोडा, टोकाशी कापड गोळा होणारच, ज्यांनी कधी टक्स शिवलेत त्यांना तो टोकाचा झोळ बरोबर माहीत असतो. टाळायचा तर काप आणखी लांब न्यावा लागतो, म्हणजे व्रण पण तेवढाच लांब. काही कान काही महिन्यांत आपले आपण बसतात, जे बसत नाहीत ते बहुतेकदा फक्त तेवढी जागा बधिर करून काढता येतात आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो.

या दुसऱ्या फेरीचं नाव रिव्हिजन. ती लागली म्हणजे पहिलं ऑपरेशन फसलं असं लोक धरून चालतात (घरचे तर हमखास), आणि मला वाटतं पेशंटला त्याचाच त्रास जास्त होतो. खरं तर या सर्जरी बऱ्याचदा टप्प्याटप्प्यानेच होतात. हॅरॉल्ड गिलीज या प्लास्टिक सर्जनने १९४६ ते १९४९ या काळात मायकल डिलन या ट्रान्स पुरुषावर फॅलोप्लास्टी (नवं लिंग घडवायचं ऑपरेशन) केली, तेव्हा निदान १३ ऑपरेशनं झाली होती. आता एवढी लागत नाहीत, पण 'एकदा झोपलो, उठलो, संपलं' असं आजही सगळ्यांचं होत नाही.

मग परत करायचंय तर लगेच का नाही? कारण व्रण वरून शांत दिसला तरी आत काम चालूच असतं. जखम झाली की शरीर घाईघाईत जे कोलॅजन (कातडीला ताकद देणारं प्रथिन) टाकतं ते कच्चं असतं, तात्पुरता टेकू समजा, आणि नंतर महिनोन्‌महिने ते काढून त्या जागी जाड, पक्के धागे बसवत राहतं. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ कातडीच्या २०-३० टक्केच ताकद असते, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास, आणि त्यापुढे ती फारशी वाढतच नाही. या मधल्या काळात व्रण लाल, कडक, खाजरा असतो, त्यात परत सुरी घातली तर रक्त जास्त येतं, सुजलेल्या कडांमध्ये टाके नीट धरत नाहीत आणि नक्की किती कापायचं याचा अंदाजही चुकतो. म्हणून सहा महिने ते वर्षभर थांबा म्हणतात. आत रक्त साठलं, कातडीचा रक्तपुरवठा तुटला किंवा लघवीच अडली तर मात्र अजिबात थांबायचं नसतं.

बॉटम सर्जरीत, म्हणजे जननेंद्रियांच्या ऑपरेशनमध्ये, हाच व्रण जास्त छळतो. ट्रान्स बायकांच्या व्हजायनोप्लास्टीत (योनी घडवायच्या ऑपरेशनमध्ये) लिंगाची कातडी उलटी करून आत अस्तर म्हणून बसवायची पद्धत जॉर्ज बुरू या डॉक्टरने १९५६ मध्ये कॅसाब्लांकात वापरली, आणि आजही तीच कल्पना खूप ठिकाणी चालते. अडचण अशी की भरत येणाऱ्या जखमेत आकसणाऱ्या पेशी असतात, ज्यांचं कामच कडा जवळ ओढणं आहे, साध्या खरचटण्यात हे वरदान, पण इथे तीच ओढ नवा मार्ग अरुंद करते. डायलेटर (मार्ग मोकळा ठेवायला आत घालायची गुळगुळीत दांडी) दिवसातून अनेकदा वापरायला सांगतात ते यासाठीच. कंटाळवाणं काम आहे, दुखतं पण, आणि त्यात खंड पडला की जागा कमी व्हायला लागते. फार आकसलं तर रिव्हिजन, पण आता अस्तरासाठी कातडी आणायची कुठून, सोयीची होती ती तर आधीच वापरून झाली! मग पोटातलं पातळ आवरण, म्हणजे पेरिटोनियम, खाली ओढून घेतात किंवा मोठ्या आतड्याचा तुकडा वापरतात. आतड्याचा तुकडा स्वतःचा चिकट स्राव करत राहतो, तो काहींना सोयीचा वाटतो, काहींना रोज पॅड लावायला लागतं. शिवाय मागे गुदाशय अगदी चिकटून असतो, आणि जुन्या व्रणातून वाट काढताना त्याला इजा व्हायचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त.

प्रत्येक तक्रारीला सुरी लागते असंही नाही. आतमध्ये लाल, ओलसर, हात लागला की रक्त येणारे कोंब दिसतात, ते ग्रॅन्युलेशन असतं, डॉक्टर सिल्व्हर नायट्रेटची काडी टेकवतात आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

फॅलोप्लास्टीत डोकेदुखी म्हणजे लघवीची नळी. जुनी नळी आणि हाताच्या कातडीपासून केलेली नवी नळी जिथे जोडतात तिथे फट राहिली तर लघवी भलतीकडून झिरपते, याला फिस्टुला म्हणतात. (आपल्याला भगंदर माहीत असतं, ते पण फिस्टुलाच, फक्त जागा वेगळी.) लहान असेल तर कॅथेटर ठेवून नळीला आराम दिल्यावर बरेचदा आपोआप बुजतो. उलट नळी आकसली तर धार बारीक होते, जोर लावायला लागतो, आणि तेव्हा दुरुस्तीला चक्क गालाच्या आतलं अस्तर घेतात. ते कायम ओलं राहायला सरावलेलं असतं, त्याला केस नसतात आणि नव्या जागी पटकन रुजतं. म्हणजे ऑपरेशन खाली, आणि पेशंट आठवडाभर तिखट खाता येत नाही म्हणून वैतागलेला.

दुसऱ्यांदा बरं होणं पहिल्यापेक्षा सोपं की अवघड, ते काय केलंय यावर आहे. कान काढला असेल तर काही दिवसांत कामावर, नळी किंवा आतला मार्ग असेल तर परत कॅथेटर, परत डायलेटर, परत आठवडेच्या आठवडे. सिगरेट आणि तंबाखू दोन्ही आधी निदान महिनाभर बंद, निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि कडा काळ्या पडतात. ताप, पसरत जाणारी लाली, पू, लघवी अडणं, पोटरी सुजणं किंवा धाप लागणं यातलं काही झालं तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, सरळ जा.

सगळ्यात उशिरा येते ती संवेदना. तुटलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर, आणि रिव्हिजनमध्ये परत नस कापली गेली तर मोजणी परत पहिल्यापासून. ती पोचली कुठवर हे बघायची एक जुनी युक्ती आहे, टिनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९१५ मध्ये सांगितलेली. नसेच्या वाटेवर बोटाने हलकी टिचकी मारत जायचं, जिथे झिणझिणी येते तिथवर नस आली. पुढच्या महिन्यात परत टिचकी मारली की ती झिणझिणी थोडी पुढे सरकलेली असते.