नैराश्यावरील जुनी आणि नवी औषधे : ग्रामीण विदर्भातील निवड

‘जुनी’ म्हणजे ट्रायसायक्लिक (तीन कड्यांची रासायनिक रचना असलेल्या) गटातली औषधे. त्यांतल्या इमिप्रामिनचा गुण स्विस मनोविकारतज्ज्ञ रोलांड कून यांनी १९५७ मध्ये जाहीर केला, अमिट्रिप्टिलिन त्यानंतरचे. ‘नवी’ म्हणजे एसएसआरआय (मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचे पुनर्शोषण रोखणाऱ्या) गटातली फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली १९८७ मध्ये, तेव्हा ‘नवी’ हा शब्द आता सवयीपुरताच.

गुणात जुनी मागे नाहीत. २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ने छापलेल्या, ५२२ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या विश्लेषणात २१ औषधांत अमिट्रिप्टिलिनच गुणाला सरस ठरले. डोकेदुखीसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी ते १०-२५ मिलिग्रॅम घेणारे बरेच असतात. पण नैराश्याला एवढी मात्रा सहसा पुरत नाही.

त्रासाचे गणित मात्र वावरात मांडावे लागते. जुन्या गोळीने तोंड कोरडे पडते, शौचाला खडा होतो, प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्याची लघवी अडते. वाकून कापूस वेचणारी बाई एकदम उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात घाम कमी होतो; अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उष्माघाताची भीती वाढते. (कोरड्या तोंडावर सुपारी-तंबाखूचा खर्रा हा इलाज नव्हे.) नव्या गोळीने सुरुवातीला मळमळते, कामेच्छा कमी होते आणि ही तक्रार कोणी आपणहून सांगत नाही. सोबत कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक चालू असेल, तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. वृद्धांच्या रक्तातले सोडियमही घटू शकते.

निर्णायक मुद्दा वेगळाच. जुनी गोळी जादा पोटात गेली तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. नव्या गटात हा धोका बराच कमी. आत्महत्येचे विचार येणाऱ्या रुग्णाला म्हणूनच जुनी गोळी दिलीच, तर थोड्या दिवसांची देतात आणि घरच्याच्या हाती ठेवायला सांगतात. पण थोड्या दिवसांची गोळी म्हणजे तालुक्याला पुन्हा पुन्हा खेप, आणि तेवढी मजुरी बुडाली. औषध स्वस्त, खेप महाग! दोन्ही गटांच्या जेनेरिक गोळ्या मिळत असल्याने निव्वळ किमतीवरून जुनीकडे वळण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही.

एसटी चुकली नि दोन दिवस गोळी राहिली, तरी फ्लुओक्सेटिन शरीरात बराच काळ टिकत असल्याने सहसा निभावते. पॅरोक्सेटिन याच गटातले, पण ते एकदम सुटले तर चक्कर, बेचैनी लगेच जाणवते. गुण दिसायला जुन्या-नव्या दोन्ही गटांना दोन ते चार आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्या दिवसापासून. बहुतेक गोळ्या याच मधल्या दिवसांत सुटतात. अशा वेळी ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते.