पिशवी चपटी, बर्फ बारीक

सुट्टीच्या दिवशी उसळी, वाटणं, पोळ्या करून फ्रीजरमध्ये टाकल्या की आठवडा सुटसुटीत होतो, पण एक तक्रार हमखास ऐकू येते: चव बरी आहे, पण रस्सा पाणचट झाला आणि बटाट्याचा चोथा. अन्न गोठायला किती वेळ लागला आणि त्यातल्या स्टार्चचं काय झालं, या दोन गोष्टींत बहुतेक उत्तर सापडतं.

अन्नातल्या पाण्यात मीठ, साखर विरघळलेली असते. त्यामुळे ते शून्याला एकदम गोठत नाही, बहुतांश पाण्याचा बर्फ उणे १ ते उणे ५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात होतो. हा पट्टा झपाट्याने ओलांडला तर असंख्य बारीक स्फटिक तयार होतात. अन्न तिथेच रेंगाळलं तर स्फटिक थोडे पण मोठे होतात, पेशींच्या भिंती फाडतात आणि गरम करताना आतलं पाणी बाहेर सुटतं. रेंगाळण्याची सोयही निसर्गानेच केलेली आहे. एक किलो पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण १२५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, पण शून्याच्या पाण्याचा शून्याचाच बर्फ करायला ३३४!

कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये इनुइट लोकांनी कडाक्याच्या थंडीत पकडलेले मासे क्षणात गोठतात आणि नंतरही ताजे लागतात, हे अमेरिकी संशोधक-उद्योजक क्लॅरेन्स बर्डसाय यांनी पाहिलं. पुढे १९२०च्या दशकात त्यांनी थंड धातूच्या पट्ट्यांमध्ये चपटी पाकिटं दाबून गोठवणारं यंत्र केलं. घरच्या फ्रीजरला तेवढी ताकद नाही, पण पाकीट चपटं करणं आपल्या हातात आहे. आठ-दहा सेंटिमीटर उंच डब्याऐवजी तोच रस्सा दोन सेंटिमीटर जाडीच्या पिशवीत पसरला, तर उष्णतेला बाहेर यायचं अंतर कमी होतं आणि पृष्ठभाग वाढतो. जाडी निम्मी केली की वेळ निम्म्याहूनही कमी लागतो.

मटकीची उसळ या कामाला उत्तम, कारण कडधान्यातलं स्टार्च पेशींत बंदिस्त असतं आणि सहज रश्श्यात उतरत नाही. अर्धा किलो कोरडी मटकी मोड आल्यावर वजनाने दुपटीहून जास्त भरते, चौघांच्या दोन-तीन जेवणांना पुरते. मोड आखूडच ठेवावेत, लांब शेपट्या गोठल्यावर लिबलिबीत होतात. कुकर नको, उघड्या पातेल्यात शिजवावी आणि दाणा किंचित कच्चा असतानाच उतरवावी. उरलेलं शिजणं पुन्हा गरम करताना होतं. रस्सा नेहमीपेक्षा दाट ठेवावा. बटाटा घालू नये. कोथिंबीर आणि लिंबू वाढताना.

मग निववणं. इथे घाई आणि आळस, दोन्ही महागात पडतात. उकळलं तरी काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कवचातली सुप्त रूपं, टिकून राहतात. त्यातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स ४०-४५ अंशांच्या कोमट, दाट अन्नात दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. मोठं पातेलं ओट्यावर रात्रभर ठेवणं म्हणजे त्याची सोय करणं. गरम पातेलं थेट फ्रीजरमध्ये घातलं तर शेजारची पाकिटं अर्धवट वितळतात. उसळ परातीत पसरावी, ती परात बर्फाच्या पाण्यात ठेवून हलवत राहावं, तासाभरात कोमटपणा गेला पाहिजे. त्यानंतर दोन तास फ्रीजमध्ये, मग पिशवीत. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावतं, म्हणून पिशवी गच्च भरू नये. पण हवा मात्र काढावी. तोंड किंचित उघडं ठेवून पिशवी पाण्याच्या भांड्यात हळूहळू बुडवली की हवा आपोआप निघते. हवा राहिली तर बर्फ वाफ होऊन उडतो आणि पदार्थाला कोरडे, पांढुरके डाग पडतात. पहिल्या रात्री पिशव्या सुट्या, आडव्या ठेवाव्यात. रचायच्या त्या दगडासारख्या झाल्यावर. साठ लिटरच्या फ्रीजरमध्ये एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त नवं अन्न टाकू नये.

आता स्टार्च. शिजताना फुगलेलं स्टार्च थंड झालं की पुन्हा रांगेत बसू लागतं आणि धरलेलं पाणी सोडतं. याचा वेग शून्याच्या थोडा वर, म्हणजे नेमका फ्रीजच्या तापमानाला, सर्वात जास्त असतो. म्हणून पोळी फ्रीजमध्ये वातड होते आणि फ्रीजरमध्ये चांगली राहते. पोळ्या पूर्ण निवू द्याव्यात, मध्ये बटर पेपर घालावा आणि गोठलेली पोळी न वितळवता थेट तापल्या तव्यावर टाकावी. साठ अंशांच्या पुढे स्टार्च पुन्हा सैल होतं. उकडीचे मोदकही असेच गोठलेले थेट वाफेवर ठेवावेत. पिठलं, कढी यांच्या वाट्याला जाऊ नये. गोठून वितळल्यावर पीठ एकीकडे, पाणी एकीकडे.

कांदा-खोबऱ्याचं वाटण कमीत कमी पाण्यात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावं आणि वड्या पिशवीत काढाव्यात. एक वडी साधारण एक मोठा चमचा. उणे १८ अंशांना जिवाणू वाढत नाहीत, पण तेलाचं खवट होणं संथपणे चालूच राहतं, त्यामुळे खोबरं, दाण्याचं कूट असलेलं काहीही दोन महिन्यांत संपवावं. मटारचा प्रश्न वेगळा. त्यांतली विकरं (एन्झाइम) थंडीतही काम करून गवताळ वास आणतात, म्हणून उकळत्या पाण्यात दीड ते दोन मिनिटं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात.

हे सगळं उणे १८ गृहीत धरून. सिंगल डोअर फ्रीजचा बर्फकप्पा अनेकदा तिथवर पोचत नाही, आणि दारावरचे तारे वीजबचतीचे असतात, थंडीचे नव्हेत. आत एक साधा तापमापक ठेवावा. काटा उणे १२ पाशी अडत असेल तर महिन्याच्या आत संपवावं. खाताना पिशवी आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढावी, किंवा गोठलेली लादीच पाव वाटी पाण्यासह कढईत टाकून खळखळून उकळी आणावी.

बाहेरगावी असताना वीज जाऊन फ्रीजरमधलं अन्न वितळलं होतं का, हे ओळखायलाही उपाय आहे. पेलाभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवून जावं. परतल्यावर नाणं वरच असेल तर अन्न बहुधा ठीक आहे. ते तळाशी गोठलेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून गेलं होतं. अशा वेळी वास चांगला येत असला तरी उसळ टाकून द्यावी.