चांगल्या कॉन्टॅक्ट लेन्सची किंमत कशी ठरत आली

बडोद्यात रावपुऱ्यातील एखाद्या चष्म्याच्या दुकानात एकाच नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्सच्या दोन खोक्यांमध्ये दुपटीतिपटीचा फरक निघतो, तेव्हा गिऱ्हाईक साहजिकच विचारते की शेवटी दोन्ही प्लास्टिकच ना. १९६९ मध्ये आय.पी.सी.एल. ही सरकारी कंपनी स्थापन झाल्यापासून पेट्रोरसायनांच्या धंद्याशी ज्या शहराचा जवळचा संबंध आला, तिथे हा प्रश्न अधिकच नेमका आहे, कारण प्लास्टिक घाऊक बाजारात किती स्वस्त मिळते हे सांगणारे इथे पुष्कळ भेटतात. पण एका मऊ लेन्समध्ये कच्चा माल ग्रॅमच्या एका छोट्या अंशाइतकाच असतो. तिची किंमत कारागिरी, पेटंट, निर्जंतुकीकरण आणि नंबरांची विविधता यांनी वेगवेगळ्या काळात ठरवली आहे, आणि आजच्या किमतीत या साऱ्यांचे थर अजून दिसतात.

पहिल्या लेन्स काचेच्या होत्या. झुरिचमध्ये काम करणारे जर्मन नेत्रवैद्य आडोल्फ फिक यांनी १८८८ मध्ये डोळ्याचा पांढरा भागही झाकणाऱ्या अशा लेन्सचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काही तासांहून अधिक काळ सोसत नसत. १९४८ मध्ये अमेरिकेतील केव्हिन टुओही यांनी केवळ बुबुळापुरती, कडक ॲक्रिलिक प्लास्टिकची लेन्स बनवली. ती लेथवर कातून आणि पॉलिश करून एकेका डोळ्यासाठी तयार होई, त्यामुळे तिच्या किमतीत मुख्य वाटा कारागिराच्या वेळेचा होता. ती वर्षानुवर्षे टिके, पण तिच्यातून प्राणवायू जवळजवळ मुळीच आत जात नसे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे तो प्राणवायू मुख्यतः थेट हवेतून घेतो, आणि लेन्सच्या महागाईचा पुढचा बराचसा इतिहास या एका गरजेभोवती फिरतो.

या इतिहासात सर्वांत जास्त आदर वाटावा असे काम प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांचे आहे. द्राहोस्लाव लिम यांच्यासह त्यांनी पाणी शोषून मऊ होणारे हायड्रोजेल तयार केले. मात्र त्यापासून गुळगुळीत कडांच्या लेन्स बनवणे जमत नव्हते आणि सरकारी पाठिंबाही आटला होता. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरीच, मुलांच्या मेर्कुर या जोडणीच्या खेळातील धातूच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक यंत्र उभे केले. फिरत्या साच्यात द्रवाचे थेंब सोडले की केंद्रोत्सारी बलाने तो द्रव कडेकडे चढतो आणि घट्ट होताना लेन्सचा वक्राकार आपोआप घेतो. प्रत्येक लेन्स कातण्याची गरजच त्यामुळे उरली नाही. माझ्या मते स्वस्त लेन्सची शक्यता खऱ्या अर्थाने तिथे जन्माला आली. तरीही लेन्स लगेच स्वस्त झाली नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या विज्ञान अकादमीने हक्क एका अमेरिकी कंपनीला दिले, तिच्याकडून ते बॉश अँड लाँबकडे गेले, आणि संशोधकाच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मऊ लेन्सला औषधाचे निकष लावले, त्यामुळे मान्यतेसाठी १९७१ साल उजाडले. चाचण्यांचा खर्च आणि पेटंटची मक्तेदारी हे दोन्ही त्या पहिल्या मऊ लेन्सच्या किमतीत मिसळलेले होते.

ती लेन्स महिनोन्‌महिने वापरायची आणि रोज निर्जंतुक करायची असे. अश्रूंमधील प्रथिनांचा थर तिच्यावर साचत जाई, त्यातून लाली आणि संसर्ग उद्भवत. यावर उपाय म्हणून १९८० च्या दशकात डेन्मार्कमध्ये अशी पद्धत निघाली की लेन्स ओलसर अवस्थेतच साच्यात घडते आणि एकसारखी निघते. तिचे हक्क घेऊन जॉन्सन अँड जॉन्सनने १९८७ मध्ये ॲक्युव्ह्यू ही टाकून देण्याजोगी लेन्स आणली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर रोज नवी घालायची लेन्स बाजारात आली. इथे हिशेबाची रीतच पालटली. दोन डोळ्यांसाठी मंथली लेन्स वर्षाला २४ लागतात, डेली मात्र ७३०. एका डेली लेन्सचा भाव कितीही कमी असला तरी वर्षाचा खर्च बहुधा जास्तच भरतो. त्यातून सोल्यूशन आणि डबीचा खर्च वजा करायला हवा, आणि तो वजा न करताच डेलीला महाग ठरवणे मला योग्य वाटत नाही.

लेन्सचे एक पाकीट हातात घेऊन पाहिले की हा खर्च कुठे जातो ते कळते. ॲल्युमिनियमच्या पापुद्र्याने मोहोरबंद केलेली प्लास्टिकची वाटी, आत खारे पाणी, वर लॉट क्रमांक, मुदतीची तारीख, 'बी.सी. ८.६' म्हणजे वक्रता, 'डी.आय.ए. १४.२' म्हणजे व्यास, आणि नंबर. वाटी बंद केल्यावर ती लेन्ससकट वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात. त्याआधी कॅमेऱ्याखाली कडा तपासून सदोष लेन्स बाद करतात. ज्या साच्यांत लेन्स घडते ते बहुतेक पद्धतींत एकदाच वापरले जातात. अलेंबिक या औषध कंपनीपासून औषधनिर्मिती पाहत आलेल्या बडोदेकरांना निर्जंतुक मालाचा दर्जा राखण्यासाठी किती पैसा लागतो हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

यानंतरची किमतीतली मोठी वाढ सिलिकोनने आणली. ब्रायन होल्डन आणि जॉर्ज मर्ट्झ यांनी १९८४ मध्ये दाखवले की डोळे मिटून झोपताना बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला लेन्सविना येते त्याहून जास्त सूज येऊ द्यायची नसेल तर लेन्सची प्राणवायू वाहण्याची क्षमता, त्यासाठी रूढ असलेल्या एककात, सुमारे ८७ हवी. जागेपणी २४ पुरते. साध्या हायड्रोजेलला पहिला आकडा गाठता येत नाही. सिलिकोन तो सहज गाठतो, पण सिलिकोन पाण्याला दूर लोटतो, त्यामुळे अशी लेन्स कोरडी पडून डोळ्याला चिकटू शकते. हे दोन परस्परविरोधी पदार्थ एकजीव करणे आणि वरचा पृष्ठभाग प्लाझ्मा प्रक्रियेने ओला राहील असा करणे यात अनेक वर्षे गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिबा व्हिजन आणि बॉश अँड लाँब यांच्या अशा लेन्स आल्या आणि पाठोपाठ पेटंटचे खटलेही आले. रावपुऱ्यातील त्या दोन खोक्यांपैकी महागडे खोके पुष्कळदा सिलिकोन हायड्रोजेलचे असते.

सिलिंडरचा, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझमचा, नंबर असणाऱ्यांना आणखी पैसे पडतात, त्याचे कारण साठ्यात आहे. साध्या लेन्सचे उणे ०.२५ ते उणे ६ पर्यंत पाव-पाव नंबरांनी २४ प्रकार होतात. त्यातच सिलिंडरच्या तीन पायऱ्या आणि दहा-दहा अंशांनी १८ अक्ष धरले की संख्या १,२९६ वर जाते. यातील बरेच प्रकार क्वचितच खपतात, तरी ते बनवून मुदतीच्या आत ठेवावे लागतात.

भारतात यावर आयातीचा खर्च, रुपयाचा दर आणि कर चढतात. वस्तू व सेवा कराचा दर १२ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली असल्याने नोंदणी आणि परवान्यांचा खर्चही जमेस धरावा लागतो. दुकानदाराच्या वाट्यात चाचणीची लेन्स घालून पाहणे आणि बसवण्याची तपासणी हेही येते. ऑनलाइन खोके स्वस्त पडते तेव्हा बऱ्याचदा हेच काम वगळलेले असते, आणि पहिल्यांदा लेन्स घेणाऱ्याने ते वगळू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

केराटोकोनसच्या रुग्णांना मात्र या साऱ्या स्वस्ताईचा फारसा लाभ झालेला नाही. त्यांच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा शंकूसारखा पुढे येत असल्याने साच्यातून निघालेली लेन्स पुष्कळदा त्यांना चालत नाही. प्राणवायू जाऊ देणाऱ्या कडक पदार्थाची, म्हणजे आपल्याकडे सेमी-सॉफ्ट म्हणतात ती लेन्स एका विशिष्ट डोळ्याच्या मापाने संगणकचलित लेथवर आजही कातावी लागते, आणि पहिली जोडी नीट बसली नाही तर दुसरी कातली जाते.