जीन टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे बाळाला आजार नाहीच?

वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी घरांतून वर्षानुवर्षं ऐकतेय: "जीन टेस्ट निगेटिव्ह आली, आता काळजी नाही." हा समज चुकीचा आहे.

चाचणी जनुकातले जे बदल शोधायला बनवली, तेवढेच तिला दिसतात. फिनाइलकीटोन्यूरिया या जन्मजात आजारात प्रथिनांतला फिनाइलॲलनिन हा घटक शरीराला नीट पचवता येत नाही, तो रक्तात साचून मेंदूला इजा करतो. या आजाराच्या पीएएच या एकाच जनुकात १००० हून अधिक बदल नोंदले गेलेत! म्हणून चाचणी वापरात आणण्याआधी ती निदान पक्कं झालेल्या आणि निरोगी अशा दोन्ही नमुन्यांवर पडताळतात: किती रुग्ण निसटले, किती निरोगी उगाच अडकले. फक्त परदेशी रुग्णांत सापडलेल्या बदलांवर बेतलेली चाचणी आपल्या बाळांत फसू शकते. मला याचीच खरी काळजी वाटते.

शंका असेल तर रक्तातलं फिनाइलॲलनिनही मोजून घ्या. आहार वेळेत बदलला, तर बाळाचा मेंदू वाचतो.