सेकंडहँड स्पोर्ट्स कार कोल्हापुरात नावावर करताना: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

कोल्हापुरात वेगाचा नाद जुना आहे. मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक इथलाच, आणि शिवाजी उद्यमनगरात इंजिन उतरवून पुन्हा बसवणारे हातही इथलेच. नवी स्पोर्ट्स कार मात्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. मग बजेट जुळतं ते वापरलेल्या गाडीशी: फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, फियाटची अबार्थ पुंटो, मारुती बलेनो आरएस, टाटा टियागो जेटीपी, ह्युंदाई आय20 एन लाइन. खिसा जरा जड असेल तर स्कोडा ऑक्टाविया आरएस. यांना स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद चालेल. पण रोज कामावर जायला आणि रविवारी पन्हाळ्याच्या वळणांवर हात साफ करायला याच गाड्या कामाच्या.

गाडी बघायला जाताना लोक मेकॅनिकला सोबत नेतात आणि आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, बघतात टोकन दिल्यावर. या जातीच्या गाड्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा करा. टर्बो दुरुस्त होतो, क्लच बदलता येतो. ताराबाई पार्कातल्या आरटीओत अडकलेली गाडी मात्र पैसे देऊनही तुमची होत नाही.

आधी गाडीची पात्रता

घेणाऱ्याला फारशा अटी नाहीत. कोल्हापूर आरटीओच्या हद्दीतल्या पत्त्याचा पुरावा, आधार, पॅन (नसेल तर फॉर्म 60) आणि फोटो एवढं पुरतं. गाडी नावावर करायला ड्रायव्हिंग लायसन्स लागत नाही, चालवायला लागतं. कस लागतो तो गाडीचा.

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी आणि बोजा बघून घ्या. बोजा म्हणजे बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव. 'लोन कधीच फिटलंय हो' असं विकणारा म्हणत असेल आणि नोंदीत बँक दिसत असेल, तर कर्ज फिटलंय पण बोजा उतरवलेला नाही. त्यासाठी फॉर्म 35 वर बँकेचा सही-शिक्का आणि बँकेची एनओसी लागते. हे काम विकणाऱ्याकडून आधी करून घ्यावं. 'तुमच्या नावावर करतानाच उतरवू' या आश्वासनावर पैसे सोडू नयेत. हप्ते थकल्याने फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेली गाडी स्वस्तात मिळते, पण तिथे फायनान्सरने फॉर्म 36 भरून आधी स्वतःच्या नावे आरसी घेतली आहे का, हे विचारा.

ई-चलनं महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर दिसतात. एक्स्प्रेसवेवरचे कॅमेरे कुणाची भीड ठेवत नाहीत, आणि अशा गाड्यांच्या नावावर वेगाची चलनं जरा जास्तच निघतात. ती भरल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, तेही पाहा. नसेल तर हस्तांतर तिथेच अडू शकतं.

मॉडिफिकेशन: सगळ्यात जास्त घोळ इथे

साध्या गाडीच्या खरेदीत हा प्रश्न सहसा येत नाही, स्पोर्ट्स कारमध्ये हमखास येतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हे स्पष्ट केलं. म्हणजे पांढऱ्या गाडीवर मॅट काळा चढवला असेल तर रंगाची नोंद बदललेली हवी. इंजिन बदललं असेल तर परवानगी आणि नव्या इंजिन नंबरची नोंद हवी. कर्कश एक्झॉस्टला कागदावर आधार नाहीच. इसीयू रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमधला बदल, आरसीत दिसत नाही, पण अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी नेमकं तेच उकरून काढू शकते.

जुनी होंडा सिटी व्हीटेक शोधणाऱ्यांनी तर इंजिन नंबर स्वतः वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये. बॉनेट उघडा, टॉर्च मारा, चेसिस नंबरवरचं ग्रीस कापडाने पुसा. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की 17 अक्षरं-आकडे उमटतात. ते आरसीशी एकेक करून जुळवा. एखादं अक्षर बाकीच्यांपेक्षा खोल, तिरकं किंवा ताज्या रंगाखाली दिसलं, तर नमस्कार करून निघा. इंजिन नंबरही असाच ताडून बघा. परराज्यातल्या गाडीची आरटीओत प्रत्यक्ष तपासणी होते, तेव्हा निरीक्षकही हेच नंबर बघतो.

वयाचा हिशेबही याच गाड्यांना भोवतो. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. भारतात बनलेल्या कारला त्याचं केंद्रीय शुल्क 5,000 रुपये. 20 वर्षांहून जुनीला 2025 च्या सुधारणेने 10,000. आयात केलेल्या कारला हेच आकडे 40,000 आणि 80,000 आहेत. पर्यावरण कर वेगळा. जुनी आयात केलेली टू-सीटर 'हॅचबॅकच्या भावात' मिळतेय असं कुणी सांगितलं, तर हे आकडे त्या भावात मिळवा.

रोजच्या वापराबद्दल एवढंच सांगतो. 2013 पासून 2020 च्या सुरुवातीपर्यंतच्या पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हायवेवर मस्त. पण कावळा नाक्याच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हिसके देत असेल, तर क्लच किंवा मेकॅट्रॉनिकचा (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचा) खर्च दारात उभा आहे असं धरा. अबार्थ पुंटो 145 अश्वशक्तीची, चालवायला लई भारी. मात्र फियाटने 2019 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवलं, तेव्हा पार्ट्सची सोय आधी विचारून ठेवा. आणि ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे रांगत जायचं असेल, तर खाली झुकवलेलं सस्पेन्शन घेऊच नका.

अर्ज कसा करायचा

गाडी महाराष्ट्र पासिंगची असेल तर नंबर बदलत नाही. पुण्याची एमएच 12 कोल्हापुरातही एमएच 12 च राहते. कोल्हापूरच्या एमएच 09 चा अभिमान असेल त्याने ते आधीच लक्षात घ्यावं. विकणाऱ्याने फॉर्म 29 भरून 14 दिवसांत विक्री कळवायची. घेणाऱ्याने 30 दिवसांत फॉर्म 30 वर अर्ज करायचा, त्यावर दोघांच्या सह्या. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि पॅन. गाडी कंपनीच्या नावावर असेल, आणि महागड्या गाड्या बऱ्याचदा असतात, तर सही करणाऱ्याला अधिकार देणारं कंपनीचं पत्र किंवा ठराव मागा. मालक वारला असेल तर वारसाने आधी फॉर्म 31 वर गाडी स्वतःच्या नावे करायची, मग विक्री.

अर्ज परिवहन पोर्टलवर होतो. आधारवरून ओटीपी देऊन फेसलेस पद्धतीने केलात तर आरटीओत हेलपाटा वाचतो. त्यासाठी आरसीवरचं आणि आधारवरचं नाव जुळायला हवं, आणि मोबाइल नंबर त्या-त्या माणसाच्या हातात हवा. अनेक जुन्या नोंदींत मालकाऐवजी एजंटाचा मोबाइल नंबर चढवलेला असतो. व्यवहाराच्या दिवशी, पैसे देण्याआधी, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो ते समोर बसून बघा.

साध्या कारला हस्तांतराचं मूळ शुल्क 300 रुपये, आयात गाडीला 2,500. स्मार्ट कार्ड आणि टपालाचे पैसे वेगळे. तुम्ही कर्ज काढून घेत असाल तर फॉर्म 34 लावून नवा बोजा चढवायचा, त्याचे 1,500. एजंट सांगेल त्या रकमेतून हे आकडे वजा केले की त्याची मजुरी कळते. ती देऊ नका असं माझं म्हणणं नाही, पण पावती मागा.

एक वाईट सवय सर्रास आहे. मालक कोऱ्या फॉर्म 29-30 वर सह्या करून गाडी डीलरला देतो आणि ती नोंद न बदलता दोन-तीन हातांतून फिरते. 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव, तोच जबाबदार मालक. तुमच्या बाजूने याचा अर्थ असा, की समोर बसलेला विक्रेता आणि आरसीवरचं नाव यांत फरक असेल तर मूळ मालकाशी बोलल्याशिवाय व्यवहार नको. 1 एप्रिल 2023 पासून वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद फॉर्म 29सी ने पोर्टलवर होते. हे दाखवा म्हटल्यावर जो विषय बदलतो, त्याच्याकडून घेऊ नये.

पैसे बँकेतूनच द्या. एका व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे.

बेळगाव, गोवा, दिल्ली पासिंग

सीमेपलीकडे केए 22 किंवा केए 23 ची गाडी स्वस्त दिसते, दिल्लीची त्याहून. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्याने चांगल्या गाड्याही तिथून बाहेर पडतात. अशा गाडीला मूळ आरटीओची फॉर्म 28 वरची एनओसी लागते. ती आल्यावर इथे हस्तांतर, फॉर्म 27 ने नवा एमएच 09 नंबर, गाडीची तपासणी आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर. कर गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो, तुम्ही किती स्वस्तात घेतली यावर नाही. आयात गाडीचा नवीन असतानाचा दरच 20 टक्के आहे. मूळ राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो सहसा तिथल्या मालकाच्या नावावर निघतो, म्हणून त्याचं काय करायचं ते लेखी ठरवा. दिल्लीच्या गाडीची बचत बऱ्याचदा इथेच संपते.

नावावर झाल्यावर

गाडी हाती आल्यापासून 14 दिवसांत विमा बदलायला कळवा. थर्ड पार्टी कव्हर कायद्याने तुमच्याकडे येतं, ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर, आपोआप येत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. विकणारा तो स्वतःकडे ठेवतो आणि फरकाचा हप्ता तुम्हाला भरावा लागतो. पॉलिसी बदलण्याआधी गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीचा खर्च खिशातून जाईल.

जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा आणि आपल्या नावाचा नवा घ्या. नाहीतर किणी टोल नाक्यावर पैसे त्याच्या खात्यातून कापले जातील, आणि एक दिवस तो टॅग बंद करेल तेव्हा तुम्ही तिथे जादा टोल भरत उभे असाल.